बटण वर

आमच्या काकाचं आडनाव उलटे नव्हतं, पण निम्म्या गिऱ्हाइकांना ते तसंच वाटायचं. "उलटेभाऊ आहेत का?" असं विचारत माणसं शटरपाशी यायची आणि काका निमूटपणे हात पुसत बाहेर यायचा. हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं. बाबा काकापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, आणि गाडीच्या वायरिंगचं सगळं काम काका त्यांच्याच हाताखाली शिकला. विशीत असताना त्यानं एका गाडीला चोरीच्या अलार्मचा भोंगा बसवला आणि रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, ज्या पायाला तार लावायची तो सोडून शेजारच्या पायाला लावली. मग झालं असं, की गाडी सुखरूप उभी असली की भोंगा बोंबलायचा आणि कुणी तिची काच ठोकली की एकदम गप्प व्हायचा. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "या उलट्याला विचारून काही उपयोग नाही, मला विचारा." तशी चूक काकानं पुन्हा कधीच केली नाही. नाव मात्र एकोणतीस वर्षं चिकटून राहिलं.

खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. वर्कशॉप म्हणजे तरी काय, एक गाडी कशीबशी आत येईल एवढी जागा. भिंतीला रंगांप्रमाणे टांगलेली तारांची भेंडोळी, फळीवर सोल्डरिंग गन आणि टेस्टलॅम्प, आणि कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या. माझ्या लहानपणीचा काका म्हणजे गाडीच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. बाकीचा काका डॅशबोर्डखाली पाठीवर पडलेला असायचा आणि तिथूनच माझ्या गणिताची उत्तरं द्यायचा. बाबांना मी तुम्ही म्हणायची आणि काकाला तू. तसं मला कुणी शिकवलं नव्हतं. आई मी कॉलेजात असताना गेली. काकाचं लग्न राहून गेलं, कारण बाबा प्रत्येक स्थळाला "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'नाही' असं कुणी म्हणत नसे. 'बघू' म्हटलं की समजायचं.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. सकाळी एक बाई येऊन त्यांना आंघोळ घालून जायची. बाकी उरलेला दिवस काकाचा. पलंगाच्या कठड्यावर बाबा डाव्या हातानं स्टीलचा मग आपटायचे आणि काका हातातली पक्कड टाकून जिना चढायचा. पाणी हवं, उशी सरकली, पंखा कमी कर, पंखा जास्त कर. मी तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या नाकावर डोळे तपासायची ती जड गोल फ्रेम ठेवायची, काचा बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधी?" मला ते काम फार आवडायचं. दुकानात मला मॅडम म्हणायचे. सकाळी साडेनऊला मी घराबाहेर पडायची ती जवळजवळ पळतच, आणि ते लपवायची गरज मला तेव्हा वाटली नव्हती.

बाबांच्या आजारपणाच्या तिसऱ्या वर्षी, एका मंगळवारी, प्राचार्य आले. दुसऱ्या गावच्या तांत्रिक शाळेचे हे प्राचार्य, गाडीनं पाच तासांवरून पलीकडच्या गल्लीत आपल्या बहिणीकडे आठवडाभर राहायला आलेले. त्यांच्या गाडीला अलार्म होता, पण तो नुसता हॉर्न वाजवायचा, तोही थांबून थांबून, एखादा सभ्य माणूस खाकरतो तसा. त्यांना मोठा भोंगा हवा होता. सुट्टी असल्यामुळे मी घरी होते आणि खालच्या टेबलाशी बसून शर्टाची काजं करत होते, म्हणून पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"एक भोंगा लावायला दोन रिले कशाला?" त्यांनी विचारलं.

काकानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं चित्र काढलं. "अलार्मकडून येणारी वीज एवढीशी असते. ती भोंग्याला थेट दिली तर अलार्मचं कार्ड जळेल. म्हणून मधे रिले. छोट्या विजेनं त्याला फक्त खूण करायची, मग बॅटरीची मोठी वीज तो स्वतः सोडतो. इथवर एकानंही झालं असतं. पण तुमचा अलार्म थांबून थांबून खूण करतो. भोंगा दर वेळी नव्यानं घसा साफ करणार आणि गाणं सुरू व्हायच्या आत गप्प होणार."

"मग?"

"मग दुसरा. पहिला नुसती टिचकी मारतो. दुसरा पकडतो, आणि पकडल्यावर भोंग्याकडे जाणाऱ्या विजेतलाच एक घोट स्वतःला पाजत राहतो. पहिल्यानं सोडलं तरी हा सोडत नाही."

"कधीच नाही?"

"मालकानं अलार्म बंद केला की सुटतो. तोवर नाही." काकानं हातातला खडू छताकडे रोखला. "घरातलंच उदाहरण घ्या. पहिला वर झोपलाय. दुसरा तुमच्यासमोर उभा आहे."

प्राचार्य हसले. मीही हसले. काका असं काही बोलला की त्यात तक्रार आहे हे आमच्या लक्षातच यायचं नाही. तो सांगायचाच इतक्या आनंदानं.

प्राचार्य दोन तास स्टुलावरून उठले नाहीत. काका डॅशबोर्डखालून बोलत होता आणि ते वाकून ऐकत होते. तार सोलताना तांबं का कापू नये, भोंग्याचं तोंड खाली का ठेवायचं, रिले बॉनेटच्या उष्णतेपासून लांब का हवा. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही कधी शिकवलंय का कुणाला?"

"कुणाला शिकवणार? इथे मी आणि पक्कड."

"आमच्याकडे गाड्यांच्या वायरिंगचे मास्तर निवृत्त झालेत. अनुभवावर माणूस घेता येतो, माझी शिफारस पुरेल. राहायला आवारातच खोली आहे. शनिवारी परत जाताना येतो, तेव्हा सांगा. सोमवारी वर्ग सुरू होतायत." त्यांनी डायरी काढली आणि 'श्री. उलटे' असं लिहून घेतलं. काकानं ते पाहिलं आणि दुरुस्त केलं नाही. पुठ्ठ्यावरचं चित्र मात्र त्यानं पुसलं नाही, भिंतीला टेकवून ठेवलं. तो एकोणपन्नास वर्षांचा होता आणि त्या घराबाहेर सलग चार दिवस कधी राहिला नव्हता.

मग भोंगा वाजवून बघितला. गल्लीतली कबुतरं उडाली, समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं आणि वर स्टीलचा मग कठड्यावर आदळायला लागला. काका वर गेला, मागोमाग मी. बाबांचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं जागं पाहिलं नव्हतं.

"ते," बाबा म्हणाले. डाव्या हातानं आधी खाली आणि मग स्वतःच्या छातीकडे दाखवलं. "मला."

बाबांवर सगळं ढकलणं सोपं आहे, म्हणून हेही सांगते. आदल्या आठवड्यात त्यांच्या हातातून तो मग निसटून पलंगाखाली गेला होता. खाली काका गाडीच्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडत होता. बाबा तासभर ओल्या कपड्यांत पडून होते. त्यांना भोंगा हवा होता याचं मला आश्चर्य वाटलं नाही. फक्त त्यांना कुठला भोंगा हवा होता, ते त्यांनी काकाला दोन शब्दांत नेमकं सांगितलं. "पकडणारा. रिले."

म्हणजे एकदा बटण दाबलं की हात निसटला, झोप लागली, काहीही झालं तरी वाजत राहणारा. काकाला शिकवणारे तेच होते. त्यांना काय मागायचं ते माहीत होतं.

काकानं बुधवार आणि गुरुवार त्यात घालवले. जुनी बॅटरी चार्जरवर लावली, भोंग्याच्या तोंडात चिंधी कोंबून आवाज निम्मा केला, जिन्याच्या कडेनं तार नेली, बाबांच्या डाव्या तळहाताखाली येईल असं मोठं बटण पलंगाला बसवलं. काम इतकं नीट, की तार कुठून गेली ते शोधावं लागे. गुरुवारी संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा चाचणी होती. बाबांनी बटण दाबलं. खाली भोंगा सुरू झाला आणि दुसऱ्याच क्षणाला बंद पडला. मग काकाची पावलं जिन्यावर वाजली.

तो दारात आला तेव्हा बाबांची नजर त्याच्यावर खिळली होती. "बंद... कोण?"

"मीच केलं, दादा. बंद करायचं बटण माझ्या फळीपाशी ठेवलंय. हाताशी असलेलं बरं. ऐकलं की बंद करतो आणि येतोच वर."

"बटण वर."

"दादा, समज हातात तापलेली सोल्डरिंग गन असली, गाडीखाली असलो, तर दोन मिनिटं..."

"वर."

काकानं मान हलवली आणि खाली जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला. बंद करायचं बटण त्यानं बाबांच्या खोलीच्या चौकटीला लावलं, खांद्याच्या उंचीवर, पलंगापासून लांब. आता भोंगा सुरू झाला की कुणीतरी जिना चढून त्या दारापर्यंत गेल्याशिवाय तो थांबणार नव्हता. मी नंतर खाली त्याला विचारलं, आधी ते बटण खाली का ठेवलंस? "सवयीनं," तो म्हणाला. कुठलं बटण कुठे लागतं यात काकाची सवय कधी चुकत नसे. मला वाटतं, त्यानं स्वतःसाठी दोन मिनिटं ठेवून पाहिली होती.

शुक्रवारी मी दुकानात निघण्याआधीच भोंगा पाच वेळा वाजला. काका पूर्वी कोपऱ्यावर चहा प्यायला जायचा, ती त्याची दिवसातली एकुलती एक सहल. आता तिथेही भोंगा ऐकू यायचा आणि ऐकू आला नाही तरी शिंपी, चहावाला, समोरच्या बाई, सगळे मिळून सांगायचे, "उलटेभाऊ, वाजतंय." माणसं चांगल्या मनानंच सांगायची. काका अर्धा कप टाकून परत फिरायचा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "जरा बस." मग मंगळवारी जे मी ऐकलेलंच होतं ते सगळं त्यानं पुन्हा सांगितलं, खोलीच्या खिडकीसकट. खिडकी आहे हे त्यानं पलीकडच्या गल्लीत जाऊन प्राचार्यांना विचारून घेतलं होतं.

"बाबांना सांगितलंस?"

"आधी तुला सांगतोय. आंघोळीच्या बाई बारापर्यंत थांबायला तयार आहेत. मी बोललो त्यांच्याशी. दुपारी तुला येता आलं, किंवा अर्धा दिवस काम घेता आलं..." तो बोटांवरचा काळा डाग खरवडत होता. "दर पंधरवड्याला मी येईन. दोन दिवस सगळं मी बघेन."

"दुकानात अर्धा दिवस नसतो, काका."

"नाही, नाही. माहीत आहे मला."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. "बघू," मी म्हणाले.

काकानं तो शब्द ऐकला आणि मान डोलावली. तरीही शनिवारी दुकान लवकर बंद झालं आणि मी दुपारी घरी आले तेव्हा तो दाढी करून तयार होता. अंगात तो एकच शर्ट, ज्याला सोल्डरच्या ठिणगीनं भोक पडलेलं नव्हतं. फळीवर कॅलेंडरच्या पानाच्या पाठीमागे दोन रिलेंचं चित्र काढलेलं, चार रंगांच्या पेन्सिलींनी, अक्षर शाळकरी मुलासारखं टपोरं. मागच्या बाकावरून दिसावं म्हणून. मी ते बघितलं आणि मला कळलं. माझ्या 'बघू'ला न जुमानता तो हो म्हणणार होता.

साडेतीनला प्राचार्य आले. कॅलेंडरचं पान हातात घेऊन त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "मग, काय ठरलं?"

"साहेब, मी..." काकानं सुरुवात केली, आणि भोंगा वाजला.

चिंधी कोंबलेली असली तरी तेवढ्याशा जागेत तो कानठळ्या बसवायचा. प्राचार्यांनी कानांवर हात ठेवले. काका हलला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जिन्यापाशी उभी होते, त्याच्यापेक्षा चार पावलं जवळ. त्या नजरेत काही गूढ नव्हतं. या एका वेळेला तू जा, मी दोन वाक्यं बोलून घेतो, एवढंच ती म्हणत होती. माझा एक पाय पायरीवर होता. मला एकदम दिसलं, की हा पाय वर गेला तर सोमवारीही तो वर जाईल, मंगळवारीही, आणि दुकानातली ती गोल फ्रेम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. मी पायरीवरून पाय खाली घेतला.

"काका, तुलाच बोलावतायत," मी ओरडले. त्या आवाजात ओरडावंच लागलं.

तो माझ्या अंगावरून गेला, त्याची बाही माझ्या खांद्याला लागली. भोंगा थांबला. मग वरून पावलं, पडद्याच्या कड्यांचा आवाज, पाण्याचा आवाज. बाबांच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, हे मला नंतर कळलं.

"नेहमी असंच असतं का?" प्राचार्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. "काकाशिवाय त्यांना दुसऱ्या कुणाचं चालत नाही." हे खरं नव्हतं. दुसऱ्या कुणी कधी करूनच पाहिलं नव्हतं.

दहा मिनिटांनी काका खाली आला. त्या एकुलत्या चांगल्या शर्टावर पाणी सांडलं होतं. "साहेब, माझं नाही जमायचं," तो म्हणाला. प्राचार्यांनी दोनदा समजावलं, मग फोन नंबर लिहून दिला, मग विचारलं, हे चित्र नेऊ का, वर्गात लावतो. काकानं ते गुंडाळून त्याला दोरा बांधून दिलं. गाडी गल्लीतून वळेपर्यंत तो शटरमध्ये उभा होता. मी वर जाऊन चहा टाकला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला मला बरेच महिने लागले.

बाबा त्यानंतर दोन वर्षं चार महिने होते. त्या काळात मी दुकानात सगळ्यात जुनी झाले आणि काकाची मान अशी धरली, की डॅशबोर्डखाली त्याला पाच मिनिटांवर झोपवेना. बाबा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी, त्यानं भोंग्याची तार काढायला घेतली. खालून सुरुवात केली, क्लिपा उपटत जिन्यानं वर आला. मी स्टूल धरून उभी होते. चौकटीवरचं बटण काढायला तो वर चढला.

"काका, त्या शनिवारी तू माझ्याकडे बघितलं होतंस."

"हो."

"मला कळलं होतं, तुला काय म्हणायचंय ते."

"तेही दिसलं मला." तो स्क्रू फिरवत राहिला. "तू वर गेली असतीस तर मी गेलो असतो. एवढंच."

"आता जा ना. नंबर आहे अजून. मी फोन लावून देते."

"गेल्या वर्षी मीच लावला होता. तिथे दुसरे मास्तर आहेत. तरुण आहेत म्हणे, चांगलं शिकवतात." त्यानं बटण उचकटून काढलं. चौकटीवर त्या जागी न उडालेल्या रंगाचा चौकोन दिसायला लागला. "माझ्याच चित्रावरून शिकवतात, असं प्राचार्य म्हणाले."

मला रडू आलं. मी ते आवरायचा प्रयत्न केला नाही. "रागावलास का माझ्यावर?"

काका स्टुलावरून उतरला, एका हातानं मान दाबत. बटण त्यानं माझ्या हातात दिलं.

"रागावून जाऊ कुठे?" तो म्हणाला. "घरात तूच तर आहेस."